चरित्रकोशात एवढे पाद्री कशाला?

वेल्सच्या राष्ट्रीय चरित्रकोशाबद्दल एक जुनी तक्रार दर काही वर्षांनी नव्याने वर येते. हा कोश १९५३ साली आधी वेल्श भाषेत निघाला, १९५९ साली इंग्रजीत आला, आणि आता तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयामार्फत इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतो. उघडून कुठलंही आडनाव घ्या, जोन्स, एव्हान्स, विल्यम्स, डेव्हिस, आणि खाली सरकत जा. पाद्री, पाद्री, पाद्री. मध्ये एखादा कवी लागतो, तर तो पोटापाण्यासाठी पाद्री. कोशकार लागतो, तोही पाद्री. तक्रार करणारे विचारतात, हा देशाचा चरित्रकोश आहे की चॅपेलचं, म्हणजे सरकारी चर्चबाहेरच्या पंथांच्या प्रार्थनामंदिराचं, हजेरीपुस्तक? कोळशाच्या खाणीत आयुष्य काढलेली माणसं कुठे आहेत, बायका कुठे आहेत, कार्डिफच्या गोदीवर येऊन वसलेले परदेशी खलाशी कुठे आहेत? यावर दुसरी बाजू हात जोडून सांगते, की याच पुण्यपुरुषांनी भाषा वाचवली, त्यांच्याबद्दल असं बोलू नये. एक बाजू डोकी मोजते, दुसरी पाया पडते, आणि त्या माणसांनी नेमकं केलं काय, याच्या खोलात दोघांपैकी कुणीच शिरत नाही.

मला त्या खोलात शिरायची सवय लागली आहे. गेली काही वर्षं रोज रात्री झोपण्यापूर्वी मी या कोशातल्या चार-पाच नोंदी वाचते, आणि माझं मत आता पक्कं झालं आहे. यातली एकही नोंद काढू नये, छाटू नये, अडगळीत ढकलू नये. हे पाद्री थोर होते असा माझा दावा नाही. बहुतेक जण थोर नव्हतेच. पण ज्या भाषेच्या पाठीशी राजा नव्हता, न्यायालय नव्हतं, १८७२ पर्यंत स्वतःचं एक विद्यापीठी महाविद्यालयही नव्हतं, तिला सामान्य माणसाच्या घरात रोजचं काम कसं मिळत गेलं, हे या दुसऱ्या-तिसऱ्या फळीच्या आयुष्यांत जेवढं उघड दिसतं तेवढं दुसरीकडे कुठेच दिसत नाही. पहिल्या फळीची पाच-पन्नास नावं ठेवून बाकीची झाडून काढली, तर वेल्श भाषेचा इतिहास चमत्कारांची पोथी होऊन बसेल.

या नोंदींची एक ठरावीक घडण आहे. जन्म डोंगरातल्या अमुक शेतावर. बाप विणकर, नाहीतर चांभार. शाळा म्हणजे एखाद-दुसऱ्या हिवाळ्यातले काही महिने. मग गुरं राखणं, करवत चालवणं, खाणीत उतरणं. वाचायला शिकला तो रविवारच्या शाळेत, कधीकधी मिसरूड फुटल्यावर. ख्रिसमस एव्हान्सचंच पाहा. १७६६ सालच्या नाताळच्या दिवशी जन्मला म्हणून हे नाव. बाप चांभार. पोरगा सतरा वर्षांचा होईतो त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. तरुणपणी मारहाणीत एक डोळा गेला. हाच माणूस पुढे अँगलसी बेटावर आणि सगळ्या वेल्सभर असा बोलत फिरला, की डोंगरउतारावर हजारो माणसं ऐकायला उभी राहायची. वेल्श प्रवचनकार रंगात आला की त्याचं बोलणं हळूहळू सुरावर चढतं, अर्धं गाणं होतं. त्याला तिकडे ‘हुइल’ म्हणतात. आपल्याकडे उत्तररंगात बुवांचा आवाज चढायला लागतो आणि टाळकरी सरसावून बसतात, तो क्षण ज्याने अनुभवला आहे त्याला हे वेगळं समजावायला नको. किंवा पँटिकेलिनचा विल्यम विल्यम्स घ्या, १७१७ चा जन्म. घोड्यावरून आयुष्यभर गावोगाव फिरला, नऊशेच्या आसपास भक्तिगीतं लिहिली, आणि फिरता फिरता चहाही विकला. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी १९३२ ते १९४६ या काळात मराठीत तीन चरित्रकोश केले. त्यातला मध्ययुगीन खंड चाळताना कुठल्या कुठल्या मठातले, आज कुणाला माहीत नसलेले संतकवी लागतात, तेव्हा मला हीच ओळखीची घडण दिसते. ते कोश कुणी आज ‘संतांची फार गर्दी झाली’ म्हणून पातळ करायला निघालं, तर आपण काय म्हणू?

आता विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेते. भाषा माणसं वाचवत नाहीत, कायदा वाचवतो, असं म्हणणारे आहेत, आणि ते पुरावा म्हणून बायबलकडेच बोट दाखवतात. १५३६ च्या कायद्याने वेल्समधला कारभार आणि न्यायालयं इंग्रजीत गेली, इंग्रजी न येणाऱ्याला सरकारी पद बंद झालं. पण १५६३ साली त्याच पार्लमेंटने बायबलचं वेल्श भाषांतर करण्याचा कायदा केला. मुदत दिली १५६७ सालच्या १ मार्चची, जबाबदारी पाच बिशपांवर टाकली, काम न झाल्यास दंडही ठरवला. म्हणजे चॅपेल, रविवारची शाळा, भक्तिगीतं, या सगळ्याच्या मुळाशी सरकारी हुकूमच नव्हता का?

होता. पण त्या हुकमाचं पुढे काय झालं ते पाहा. मुदतीच्या वर्षी फक्त नवा करार निघाला, तोही विल्यम सॉल्सबरीच्या अशा विचित्र लेखनपद्धतीत, की वाचणाऱ्याची जीभ अडखळावी. सगळं बायबल आलं १५८८ साली, मुदत उलटून एकवीस वर्षं झाल्यावर. आणि ते केलं कुणी? लानरायडर नावाच्या आडगावातल्या विल्यम मॉर्गन या पाद्र्याने. हा एका डोंगरी शेतकऱ्याचा मुलगा, केंब्रिजला शिकलेला, ज्याचे गावातल्या एका बड्या माणसाशी खटले चालू होते. छपाईसाठी तो लंडनला जाऊन राहिला, कारण मजकूर वेल्श न समजणाऱ्या जुळाऱ्यांच्या हाती जाणार होता आणि मुद्रितं डोळ्यांत तेल घालून तपासायची होती. त्या कायद्यातली आणखी एक गंमतीची नव्हे, गंभीर गोष्ट: चर्चमध्ये वेल्श बायबलाशेजारी इंग्रजी बायबल ठेवायचं होतं, म्हणजे दोन्ही ताडून वाचता वाचता लोक इंग्रजी शिकतील. कायद्याला वेल्श भाषेची पायरी करायची होती. लोकांनी तिथे घर बांधलं. हा फरक कायद्याने घडवला नाही. तो मॉर्गनच्या भाषेने घडवला, १६२० साली ते भाषांतर पुन्हा घासूनपुसून देणाऱ्या पंडितांनी घडवला, आणि त्यांच्यानंतर दीडशे-दोनशे वर्षं ते पुस्तक लोकांना वाचायला शिकवत बसलेल्या माणसांनी घडवला.

त्या माणसांतला पहिला ग्रिफिथ जोन्स. लानदाउरोर या खेड्याचा पाद्री. १७३० च्या सुमाराला त्याने फिरत्या शाळा काढल्या. शिक्षक एका गावात यायचा, शेतीची कामं नसतात त्या हिवाळ्यात साधारण तीन महिने बसायचा, पोरांना आणि मोठ्यांना फक्त वाचायला शिकवायचा आणि पुढच्या गावाला निघायचा. लिहिणं नाही, गणित नाही, इंग्रजी नाही. इंग्रजीतून का शिकवत नाही, असं पैसे देणारे विचारायचे. त्याचं उत्तर भाषाप्रेमाचं नव्हतंच. परकी भाषा आधी शिकवायची, मग तीतून वाचन, यात वर्षं जातील, आणि मधल्या काळात माणसं मरतील, त्यांच्या आत्म्याचं काय? तो १७६१ साली वारला तोवर तीन हजारांहून जास्त शाळा भरल्या होत्या आणि दीड लाखाहून अधिक माणसं त्यांत बसून गेली होती. सगळ्या वेल्सची वस्ती तेव्हा पाच लाखांच्याही आत. त्याच्यामागे मॅडम बेव्हन या बाईने शाळा चालवल्या. मग बाला गावच्या थॉमस चार्ल्सने रविवारच्या शाळांचं जाळं विणलं. त्या शाळेत ऐंशी वर्षांचा म्हातारा आणि आठ वर्षांचं पोर एकाच छपराखाली आपापल्या वर्गात बसायचे. इंग्लंडसारखी ती केवळ मुलांची कधीच नव्हती.

मेरी जोन्सची गोष्ट अनेक ख्रिस्ती घरांत माहीत आहे. विणकराची पंधरा वर्षांची पोर १८०० साली पै पै साठवून, पंचवीसेक मैल चालून, बायबल विकत घ्यायला बालाला चार्ल्सकडे गेली. पुढे १८०४ साली लंडनला जी बायबल सोसायटी निघाली, तिच्या स्थापनेच्या कथेत ही पोर कायमची जाऊन बसली. तिची ती प्रत आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. चालणं सगळ्यांच्या लक्षात राहतं. मी प्रश्न वेगळा विचारते: डोंगराच्या कुशीतल्या, बाप नसलेल्या, गरीब पोरीला १८०० साली वाचता कसं येत होतं? उत्तर एका फिरत्या शाळेच्या मास्तरात आहे. तो मास्तर नसता तर मेरी पंचवीस मैल चालून जाऊन आणणार काय होती?

असंच दुसरं उदाहरण हेद विनचं. हा ट्रॉसविनिथ गावचा मेंढपाळ, खरं नाव एलिस एव्हान्स. ३१ जुलै १९१७ ला बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला. सहा आठवड्यांच्या आत बर्कनहेडच्या राष्ट्रीय आयस्टेदवॉडमध्ये, म्हणजे कवी-गायकांच्या वेल्श स्पर्धामेळ्यात, त्याच्या दीर्घकवितेला पहिला मान मिळाला. टोपणनाव पुकारलं, कुणी उभं राहिलं नाही, तो मेल्याचं जाहीर झालं, आणि विजेत्या कवीला बसवायच्या कोरीव खुर्चीवर काळं कापड घातलं गेलं. ती खुर्ची बेल्जियममधून आलेल्या एका निर्वासित सुताराने कोरली होती. हे सगळं सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असावंच. पण चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या मेंढपाळाला ते कडक वेल्श छंद आले कुठून? एकाच ओळीत व्यंजनांची साखळी ठराविक क्रमाने परत आली पाहिजे, यमक ओळीच्या पोटात बसलं पाहिजे, असे ते नियम. मोरोपंतांनीही वाखाणावेत असे. तर बापाने त्याला लहानपणी दाव्हिद मॉर्गानुग नावाच्या माणसाचं छंदशास्त्राचं पुस्तक आणून दिलं होतं. दाव्हिद मॉर्गानुग कुणाला आठवतो? कोशाला आठवतो. आणि जो कोश त्याला विसरेल, त्याला हेद विन आकाशातून पडल्यासारखा दाखवावा लागेल.

शेजारच्या आयर्लंडशी ताडून पाहिलं की हे अधिक स्पष्ट होतं. १८०० च्या आसपास आयरिश बोलणारे वेल्श बोलणाऱ्यांच्या कितीतरी पट होते. पण आयरिश जुना करार छापायला १६८५ उजाडलं, तो परक्या राजवटीच्या चर्चने काढलेला, आणि कॅथलिक शेतकऱ्याच्या घरात तो शिरणार नव्हताच. त्याचा पाद्री लॅटिनमध्ये मिस्सा म्हणायचा आणि पुढेपुढे इंग्रजीत प्रवचन द्यायचा. आयरिश माणसं गोष्टी सांगण्यात, गाणी रचण्यात कुणाला हार जाणारी नव्हती, पण आपल्या भाषेतलं छापील पान वाचू शकणारी फार थोडी होती. मग १८४५ चा दुष्काळ आला. दुष्काळाने आयरिश बोलणारी माणसंच नेली, हे मी विसरत नाही, आणि वेल्सवर तसा घाला पडला नाही हेही खरं. तरी जे वाचले त्यांनी मुलांशी इंग्रजी बोलायला सुरुवात केली, कारण आयरिशला घराबाहेर काही काम उरलं नव्हतं. वेल्श शेतमजुराला मात्र दर रविवारी वेल्शमध्ये वाद घालावा लागे, वचनाचा अर्थ लावावा लागे, पुढच्या सभेचं इतिवृत्त लिहावं लागे.

आता बायकांचा मुद्दा. तो शंभर टक्के खरा आहे. प्रवचनाची जागा पुरुषांची, म्हणून कोशाची पानं पुरुषांची. पण नोंदी काढून टाकल्याने बायका येणार आहेत का? मला तर बायका बऱ्याचदा पाद्र्यांच्या नोंदींतूनच सापडल्या. अ‍ॅन ग्रिफिथ्स १८०५ साली बाळंतपणानंतर गेली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. मूलही गेलं. वेल्श भाषेतली ती सर्वांत मोठ्या भक्तकवींपैकी एक. तिच्या स्वतःच्या हातचं एका पत्राखाली लिहिलेलं फक्त एक कडवं उरलं आहे. बाकीची गीतं आज आहेत ती रूथ एव्हान्समुळे. रूथ तिच्या घरची मोलकरीण. तिला लिहिता येत नव्हतं. पण मालकीण दूध काढताना, चरख्यावर बसल्यावर जे गुणगुणायची, ते रूथला पाठ होतं. अ‍ॅन गेली त्याच वर्षी रूथचं लग्न जॉन ह्यूज या विणकराशी झालं. तो पुढे पाँटरॉबर्ट गावचा पाद्री झाला. दिव्याच्या उजेडात ती आठवून आठवून म्हणायची आणि तो लिहून घ्यायचा. १८०६ साली बालाला ती गीतं छापली गेली. बहिणाबाई चौधरी जात्यावर म्हणायच्या आणि सोपानदेव टिपून घ्यायचे, हे आठवल्याशिवाय कुठला मराठी माणूस ही हकिगत वाचू शकेल? जॉन ह्यूज फार मोठा माणूस नव्हता. कोशाच्या पहिल्या चाळणीत तो सहज गळला असता. आणि त्याच्यासोबत ती मोलकरीण गळली असती.

चॅपेलने बायकांना गप्प बसवलं, हे म्हणताना क्रानोग्वेनलाही बाजूला सारता येत नाही. सारा जेन रीस तिचं नाव, लानग्रानोगच्या एका जहाजाच्या कप्तानाची मुलगी. बापासोबत समुद्रावर गेली, नौकानयन शिकली, आणि गावी परत येऊन खलाशांना ते शिकवू लागली. १८६५ साली अबेरिस्टविथच्या आयस्टेदवॉडमध्ये तिने मान्यवर पुरुष कवींना मागे टाकून बक्षीस घेतलं. पुढे बायकांचं वेल्श मासिक चालवलं, देशभर व्याख्यानं दिली आणि चॅपेलांतून प्रवचनंही केली, कुणाला आवडो न आवडो. २०२३ साली तिच्या गावात तिचा पुतळा उभा राहिला. तिला विरोध करणारे पाद्री होते, तिला व्यासपीठ देणारेही पाद्रीच होते. या दोघांच्याही नोंदी समोर नसतील तर तिची लढाई कुणाशी होती, हे पुढच्या पिढीला कळणार कसं?

एक मुद्दा मात्र मी परतवू शकत नाही, आणि परतवायचा प्रयत्नही करणार नाही. चॅपेलने वेल्सची जुनी गाणीबजावणी मारली. व्हायोलिन सैतानाचं वाद्य ठरलं, नाच पाप ठरला, जत्रा ओस पडल्या, वीणेसारखी ती मोठी वेल्श हार्प कोनाड्यात गेली. राजदरबारचा हार्पवादक एडवर्ड जोन्स १८०० च्या आसपास जुन्या चाली गोळा करत फिरला तो या रागातूनच, की प्रवचनकारांनी देशाचा आनंद हिरावून घेतला. तीन ओळींच्या तारांची ती हार्प टिकवली ती मुख्यतः भटक्या रोमानी वादकांनी, चॅपेलच्या उंबऱ्याबाहेरच्या माणसांनी. विसाव्या शतकात नॅन्सी रिचर्ड्स ही बाई ती वाजवत राहिली, आणि तिचा हात ज्यांनी घडवला त्यांत हे रोमानी लोक होते. जे गेलं ते गेलं. त्याच्या बदल्यात काही आलं म्हणून हिशेब चुकता होत नाही. पण आलं ते काय, हेही सांगायला हवं. १८५९ साली जॉन रॉबर्ट्स ऊर्फ इवान ग्विल्ट या पाद्र्याने चॅपेलमध्ये सगळ्यांनी मिळून म्हणायच्या चालींचा संग्रह काढला, चार स्वतंत्र आवाजांत. मग सोल-फा ही लिपी पसरली, आपल्या सा-रे-ग-म सारखी अक्षरांची. पियानो ज्याच्या सात पिढ्यांत नाही त्या खाणकामगारालाही ती वाचून गाता येई. १८७२ आणि १८७३ साली कॅराडॉग या मूळच्या लोहाराच्या हाताखाली साडेचारशेच्या आसपास माणसांचा दक्षिण वेल्सचा गायकवृंद लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जाऊन स्पर्धा जिंकून आला.

मागे एका खेड्यातलं विकायला काढलेलं चॅपेल आतून बघायला मिळालं होतं. बाकं निघून गेली होती. व्यासपीठाशेजारच्या लाकडी फळीवर शेवटच्या रविवारच्या गीतांचे चार क्रमांक तसेच अडकवलेले होते, आणि खिडकीत सोल-फाची एक वही पडली होती, कोपरे बोटांनी काळे झालेली. पानोपानी पेन्सिलीने श्वास घ्यायच्या जागा खुणावल्या होत्या. ती वही वापरणारीचं किंवा वापरणाऱ्याचं नाव कुठल्याही कोशात येणार नाही. पण तो संग्रह ज्याने केला त्याचंही नाव नको म्हणणाऱ्यांना मला ती वही दाखवावीशी वाटते.

पाद्र्यांची चरित्रं म्हणजे निव्वळ स्तुती, हाही आक्षेप आहे. तो त्यांच्या मृत्यूनंतर निघणाऱ्या जाडजूड स्मृतिचरित्रांना लागू आहे, आणि एकोणिसाव्या शतकात तशी शेकड्यांनी निघाली. चरित्रकोश हा त्यांच्यावरचा उतारा होता. जे. ई. लॉइड हा इतिहासकार संपादक होता, तो १९४७ साली वारल्यावर आर. टी. जेन्किन्सने काम पुरं केलं आणि शेकडो नोंदी स्वतः लिहिल्या. त्या वाचताना तारखा ताडलेल्या दिसतात, दंतकथांना ‘याला आधार नाही’ असं सुनावलेलं दिसतं. ज्या देशाला योलो मॉर्गानुगने फसवलं, त्या देशाला याची गरज होती. योलो हा पाथरवट, विलक्षण बुद्धीचा, अफूच्या अर्काच्या आहारी गेलेला. त्याने मध्ययुगीन कवींच्या नावावर स्वतःच्या कविता खपवल्या आणि १७९२ साली लंडनच्या एका टेकडीवर दगडांचं वर्तुळ मांडून कवींचा ‘प्राचीन’ विधी जन्माला घातला. तो विधी आजही आयस्टेदवॉडमध्ये होतो. जॉन मॉरिस-जोन्ससारख्या व्याकरणपंडिताने त्याचं प्राचीनत्व खोटं ठरवलं, आणि तरीही त्याच आयस्टेदवॉडच्या कवितांचं परीक्षण आयुष्यभर करून वेल्श कवितेची भाषा सुधारली. योलो काढा, तर मॉरिस-जोन्स कशाशी झगडला ते कळत नाही.

आणि चॅपेलने भाषा वाचवली, हे पाया पडणाऱ्यांचं म्हणणं? तेही मला मान्य नाही. १९०१ च्या जनगणनेत वेल्समधली निम्मी माणसं वेल्श बोलत होती आणि चॅपेलं भरलेली होती. १९६१ ला प्रमाण चौथाईवर आलं. २०२१ ला १७.८ टक्के, म्हणजे साधारण पाच लाख अडतीस हजार. चॅपेल हीच जर ढाल, तर ढाल हातात असताना हा वार लागला कसा? कारण बऱ्याच पाद्र्यांनी ती स्वतःहून खाली ठेवली. १८४७ साली वेल्श न येणाऱ्या तीन इंग्रज आयुक्तांनी शिक्षणाचा अहवाल दिला. त्यात वेल्श भाषा मागासपणाचं मूळ ठरली, वेल्श बायकांच्या शीलावर शिंतोडे उडाले. निळ्या पुठ्ठ्याचा तो अहवाल लोक ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणून आजही ओळखतात. पाद्री संतापले, आणि मग आपण किती सभ्य, किती इंग्रजी आहोत हे सिद्ध करण्याच्या मागे लागले. आपल्याच वेल्श गावांत येणाऱ्या इंग्रजांसाठी इंग्रजी चॅपेलं बांधायला त्यांनी वेल्श मजुरांकडून वर्गणी काढली. या विरुद्ध उभा राहिला तो एमरिस अप इवान. मेथडिस्ट पंथात पाद्री होण्याच्या बेतात असताना त्याने या इंग्रजी चॅपेलांवर टीका केली, म्हणून १८८१ साली त्याची दीक्षा अडवली गेली. ती मिळायला दोन वर्षं लागली. १८८९ साली रुथिनच्या न्यायालयात साक्षीला उभा राहिल्यावर तो वेल्शमध्येच बोलेन म्हणून अडून बसला. चॅपेलांच्या या भांडणात आरोपी पाद्री, फिर्यादीही पाद्री. हा झगडा समजून घ्यायचा तर दोन्ही बाजूंच्या माणसांची आयुष्यं वाचावी लागतात.

कायद्याने भाषा टिकली म्हणणाऱ्यांनी तर ही नावं मुळीच सोडू नयेत. १९३६ साली पेनिबर्थ इथल्या बॉम्बफेक शिकवणाऱ्या तळाला आग लावून पोलिसांत स्वतः हजर झालेले तिघे: प्राध्यापक सॉन्डर्स ल्युइस, शिक्षक डी. जे. विल्यम्स आणि बॅप्टिस्ट पाद्री ल्युइस व्हॅलेंटाइन. तिघांना नऊ-नऊ महिने कैद झाली. सॉन्डर्स ल्युइस पाद्र्याचा मुलगा. त्याच्या आईचा बाप ओवेन थॉमस लिव्हरपूलचा नामांकित पाद्री, आणि दुसऱ्या एका प्रवचनकाराचं वेल्शमधलं उत्तम समजलं जाणारं चरित्र याच आजोबांनी १८७४ साली लिहिलेलं. १९६२ च्या फेब्रुवारीत सॉन्डर्स ल्युइसने रेडिओवरून सांगितलं, की असंच चाललं तर एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेल्श मरेल. ते ऐकून तरुण उठले, रस्त्यांवरच्या इंग्रजी पाट्या रंगवू लागले. त्यांच्या संघटनेचा अध्यक्ष झालेला, १९७० साली तुरुंगात गेलेला गायक दाव्हिद इवान हा पुन्हा पाद्र्याचा मुलगा आणि पाद्र्याचा नातू. १९८३ साली त्याने लिहिलेलं ‘आम्ही अजून इथेच’ या अर्थाचं गाणं २०२२ साली फुटबॉलचं मैदान भरून लोक त्याच्यासोबत म्हणत होते, तेव्हा तो ऐंशीला टेकला होता. १९६७ आणि १९९३ चे भाषा कायदे, १९८२ ची वेल्श दूरचित्रवाहिनी, या सगळ्याआधी कुणीतरी रस्त्यावर उतरलं होतं. उतरण्याची भाषा त्यांनी शिकली ती घरात, जिथे बाप शनिवारी रात्री प्रवचन लिहीत बसायचा.

या वेल्श पाद्र्यांशी आपला संबंध आहे तो एवढाच नाही की आपल्यालाही भाषेची काळजी आहे. थॉमस जोन्स हा सुतार, पुढे पाद्री. १८४१ साली तो चेरापुंजीला आला आणि खासी भाषा रोमन लिपीत वेल्श वर्णलेखनाच्या धर्तीवर लिहू लागला. ती पद्धत आज खासी माणसाची स्वतःची आहे. एका बड्या इंग्रज व्यापाऱ्याच्या जुलमाविरुद्ध तो उभा राहिला, मिशनने त्याला काढलं, आणि १८४९ साली तो कलकत्त्यात वारला. तिथून धागा थेट पुणे जिल्ह्यात येतो. १९०४ साली इव्हान रॉबर्ट्स या माजी खाणकामगाराभोवती वेल्समध्ये भक्तीची जी लाट उसळली, तिची बातमी खासी टेकड्यांत पोचली, तशी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्येही पोचली, आणि १९०५ च्या जूनमध्ये तिथे बायकांच्या प्रार्थनासभा तशाच भारावून गेल्या. त्याच काळात रमाबाई बायबल साध्या, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत उतरवत होत्या. काम १९२२ साली, त्यांच्या मृत्यूच्या तोंडावर, पुरं झालं. खिळे जुळवले ते मुक्ती मिशनच्याच बायकांनी. त्यांतल्या किती जणींची नावं आपल्या कोशांत आहेत?

वेल्सचा कोश अजून वाढतो आहे. नव्या नोंदींत बायका येताहेत, खाणकामगार येताहेत, गोदीवरची माणसं येताहेत, आणि त्या वेगाने याव्यात म्हणून मीही आग्रह धरीन. इंटरनेटवरच्या कोशाला पानांची टंचाई नाही. एकाला आत घ्यायला दुसऱ्याला उठवावं लागत नाही. पाँटरॉबर्टला जॉन ह्यूजचं जुनं चॅपेल आणि त्याला लागून असलेलं त्यांचं घर अजून उभं आहे. भिंती जाड, खोल्या लहान. अ‍ॅनच्या पत्रांच्या प्रती करणारा विणकर तिथे राहायचा, आणि त्याच्यासमोर बसून, डोळे मिटून, मालकिणीचा शब्द न शब्द सांगणारी त्याची बायको.